डोक्यावरचा दिवा आणि एका सेलाचे गणित

काळोखात काम करणाऱ्या माणसास प्रकाश तर हवाच असतो. परंतु तितकीच गरज त्यास आपले दोन्ही हात मोकळे असण्याची असते. अनेक राज्यांत शेतीपंपांना वीज पाळीपाळीने मिळते आणि ती पाळी पुष्कळदा रात्रीची असते. अशा वेळी दारे धरावयास गेलेल्या शेतकऱ्याचे हात फावड्यात गुंतलेले असतात. वीज गेल्यावर स्वयंपाक उरकणारी गृहिणी, फ्यूज बसविणारा कारागीर आणि गोठ्यात व्यालेल्या गाईपाशी बसलेला गुराखी यांचीही अडचण हीच असते. हातबत्ती काखेत किंवा दातांत धरून यांपैकी कोणतेही काम नीट होत नाही.

या अडचणीवरचा उपाय प्रथम खाणकामगारांनी शोधला. हंफ्री डेव्ही याने १८१५ साली तयार केलेला सुरक्षा-दीप हातात धरावयाचा होता. पुढे ॲसिटिलीन वायूवर जळणारे छोटे दिवे टोपीवर आले, आणि १९१४ च्या सुमारास एडिसनने विजेचा टोपीदीप सिद्ध केला. त्याची विद्युत्घटमाला इतकी जड होती की ती कमरेच्या पट्ट्यास बांधावी लागे आणि तिच्यापासून दिव्यापर्यंत तार न्यावी लागे. निळा प्रकाश देणारा कार्यक्षम डायोड १९९० नंतरच्या काही वर्षांत हाती आला आणि त्यापासून पांढरा प्रकाश मिळविता येऊ लागला, तेव्हा ही स्थिती पालटली. या शोधाबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांस २०१४ साली भौतिकीचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. ज्यास आपण एलईडी म्हणतो तो हाच दिवा. त्याच्यामुळे आज बोटाएवढ्या एका सेलावर चालणारा दिवा कपाळावर बांधून हिंडता येते, आणि तो सामान्य कुटुंबास परवडतोही.

मात्र वस्तू स्वस्त झाली म्हणून तिची निवड सोपी झाली असे नव्हे. बाजारात गेलेल्या ग्राहकापुढे वेष्टनावर छापलेले मोठमोठे आकडे येतात, आणि ज्यावरचा आकडा सर्वांत मोठा तो दिवा सर्वांत चांगला अशी त्याची समजूत होते. ही समजूत चुकीची आहे. दररोजच्या उपयोगासाठी दिवा घेताना त्याचा सर्वांत प्रखर प्रकाश किती, हा प्रश्न शेवटी विचारावा. त्यात कोणता सेल बसतो आणि मंद प्रकाशावर तो किती तास टिकतो, हे प्रश्न आधी विचारावेत, असे माझे मत आहे. त्याची कारणे साध्या गुणाकार-भागाकाराने पटण्याजोगी आहेत.

प्रथम आपणांस प्रकाश किती लागतो ते पाहू. प्रकाशाचे एकूण परिमाण ल्यूमेन या एककात मोजतात. एक मेणबत्ती सुमारे १२ ल्यूमेन प्रकाश देते, आणि तोही चहूकडे विखुरलेला असतो. डोक्यावरचा दिवा आपला सर्व प्रकाश समोर टाकतो. त्यामुळे हातभर अंतरावर वाचण्यास, शिवण्यास किंवा स्क्रू पिळण्यास ५ ते १० ल्यूमेन पुरतात. पायवाटेने चालावयास २० ते ५० ल्यूमेन पुरेसे होतात. दूरचे झाड किंवा विहिरीचा तळ पाहावयाचा असेल तर १०० किंवा त्याहून अधिक लागतात, परंतु ते काही क्षणांपुरते. शिवाय प्रकाश दुप्पट केला म्हणजे तो डोळ्यांस दुप्पट भासतो असे नाही, आणि दुप्पट अंतरावरील वस्तू तितकीच उजळावयाची तर प्रकाश चौपट करावा लागतो. म्हणजे प्रखरतेच्या मागे लागल्यास खर्च फार होतो आणि लाभ त्या मानाने थोडा पदरी पडतो.

आता सेलाकडे वळू. घरातील भिंतीवरच्या घड्याळात असतो तो एए आकाराचा सेल, ज्यास दुकानदार पेन्सिल सेल म्हणतो, त्याचा व्यास सुमारे १४.५ मिलिमीटर आणि लांबी सुमारे ५० मिलिमीटर असते. पुन्हा भरता येणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड जातीच्या अशा सेलाची धारिता सुमारे २००० मिलिअँपिअर-तास आणि दाब १.२ व्होल्ट असतो. या दोहोंचा गुणाकार २.४ वॉट-तास होतो. हीच त्या सेलातील एकूण ऊर्जा. पांढऱ्या एलईडीस सुमारे ३ व्होल्ट दाब लागतो, म्हणून एका सेलाच्या दिव्यात दाब वाढविणारे एक छोटे विद्युत् मंडल बसविलेले असते. त्यात सुमारे पंचमांश ऊर्जा खर्ची पडते असे धरल्यास १.९ वॉट-तास उरतात. चांगला एलईडी दर वॉटमागे १०० ल्यूमेन बाहेर टाकतो असे मानले, तर आपल्या पदरी १९० ल्यूमेन-तास पडतात.

या एका आकड्याने वेष्टनावरील पुष्कळ दावे पारखता येतात. १०० ल्यूमेनवर हा सेल दोन तासांस थोडा कमी टिकेल, २० ल्यूमेनवर सुमारे साडेनऊ तास टिकेल, आणि ५ ल्यूमेनवर जवळजवळ ३८ तास चालेल. उलट ‘१००० ल्यूमेन, ८ तास’ असे कोणी लिहिले असेल, तर त्यास ८००० ल्यूमेन-तास, म्हणजे असे चाळीसहून अधिक सेल लागतील. ते कपाळावर बांधता येणार नाहीत. असा दावा करणारा दिवा खरोखरीच १००० ल्यूमेन देत असला, तर तो काही मिनिटेच देत असणार. कारण तेवढ्या प्रकाशाबरोबर निर्माण होणारी उष्णता बाहेर टाकण्यासही या लहानशा डबीत पुरेसे धातूचे पृष्ठ नसते.

कालावधीच्या आकड्यातही एक मेख आहे. हातबत्त्यांच्या मोजमापाची एफएल १ नावाची पद्धत अमेरिकेत २००९ साली ठरविण्यात आली आणि आज अनेक देशांतील उत्पादक तिचा आधार घेतात. तिच्यानुसार आरंभीचा प्रकाश घसरत जाऊन एकदशांशावर येईपर्यंतचा सर्व काळ दिव्याचा कालावधी म्हणून मोजला जातो. २०० ल्यूमेन आणि ६ तास असे लिहिलेले असेल, तर त्या सहा तासांतील बराच काळ प्रकाश २०० च्या जवळपासही नसण्याचा संभव असतो. ही पद्धत खोटी नाही. परंतु ग्राहकाने ती समजून घेतली पाहिजे.

एकाच सेलाचा आग्रह का, असा प्रश्न येथे कोणी विचारील. तीन बारीक सेल एकापुढे एक जोडले म्हणजे दाब आपोआप पुरेसा होतो आणि दाब वाढविणारे मंडल लागत नाही, म्हणून अनेक स्वस्त दिव्यांत तीन सेल असतात. परंतु तीनही सेल तंतोतंत सारखे कधीच नसतात. त्यांतील दुबळा सेल आधी रिकामा होतो आणि उरलेले दोन त्याच्यातून प्रवाह ढकलीत राहतात. असा सेल बिघडतो, गळतो आणि दिव्याच्या पट्ट्या खाऊन टाकतो. शिवाय सेल उतरत जाईल तसा प्रकाशही पिवळट आणि क्षीण होत जातो. एका सेलाच्या दिव्यात ही सांगड घालण्याची कटकटच नसते. मंडल चांगले असेल तर सेल जवळजवळ संपेपर्यंत प्रकाश एकसारखा राहतो, आणि बदलावयाचा झाल्यास अंधारात चाचपडून एकच सेल बदलावा लागतो.

या एका सेलाच्या जागीही तीन पर्याय आहेत. साधा किंवा अल्कलाइन सेल कोणत्याही किराणा दुकानात मिळतो, हा त्याचा मोठा गुण होय. परंतु तो वापरून फेकावा लागतो, आणि दिव्यात पडून राहिला तर गळतो. पुन्हा भरता येणारा निकेल-मेटल हायड्राइड सेल आरंभी महाग पडतो, पण शेकडो वेळा भरता येतो. मंद स्वयं-उतार असलेल्या जातीचा सेल वर्षभर तसाच ठेवला तरी त्यात बहुतांश भार शिल्लक राहतो. तिसरा लिथियम-आयन सेल. त्याच्या १८६५० या आकारात, म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबीत, पेन्सिल सेलाच्या सुमारे पाचपट ऊर्जा मावते. ज्यास रात्रभर गस्त घालावयाची आहे किंवा डोंगरात दूरवर जावयाचे आहे, त्याने हा सेल जरूर घ्यावा. परंतु तो गरजेपेक्षा अधिक भरला, फार उतरविला किंवा त्याची दोन टोके धातूने जुळली तर पेट घेऊ शकतो. त्याच्या वेष्टनावरचे आकडेही फार फसवे असतात. या आकाराच्या उत्तम सेलाची धारिता ३५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असताना ९९०० असे छापलेले सेल सर्रास विकले जातात. लिथियमचा आणखी एक सेल दिसावयास हुबेहूब पेन्सिल सेलासारखा असतो, पण त्याचा दाब ३.७ व्होल्ट असतो. निर्मात्याने तशी स्पष्ट परवानगी दिली नसेल, तर तो पेन्सिल सेलाच्या दिव्यात चुकूनही घालू नये.

ज्यात सेल कायमचा बंदिस्त असतो असे दिवे सर्वांत स्वस्त मिळतात. मला ते स्वस्त वाटत नाहीत. दोन-तीन वर्षांत आतला सेल थकला की एलईडी, पट्टा, कळ हे सर्व शाबूत असतानाही दिवा फेकून द्यावा लागतो. २०२२ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण डबीत चिकटवून टाकलेला सेल बाहेर काढणार कोण?

हा विषय केवळ सोयीचा नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० माणसे, मृत्यू पावली असा अंदाज मांडण्यात आला आहे. यांतील बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले आहेत आणि पावसाळ्यात त्यांचे प्रमाण वाढते. मण्यार तर रात्रीच हिंडणारी. दिव्याने सर्पदंश टळतोच असे नाही. पायात उंच बूट आणि हातात काठी हवीच. परंतु जेथे पाऊल किंवा हात टाकावयाचा ती जागा आधी दिसणे ही पहिली सावधगिरी होय. शेताच्या मध्यावर अर्ध्या तासात विझणारा १००० ल्यूमेनचा दिवा तेथे निरुपयोगी आहे, आणि पहाटेपर्यंत ३० ल्यूमेन देणारा दिवा व खिशातला एक भरलेला सेल मोलाचा आहे.

दिवा हातात घेतल्यावर आणखी काही गोष्टी पाहाव्यात. तो खाली झुकविता यावा, म्हणजे मान न वाकविता हातातले काम उजळेल. प्रकाशाचा झोत रुंद आणि कडेला मऊ असावा. कळ दाबताच प्रथम मंद प्रकाश यावा. प्रखर प्रकाशाने दिपलेल्या डोळ्यांस अंधाराची पुरती सवय पुन्हा व्हावयास वीस ते तीस मिनिटे लागतात. प्रकाशात रंग खरे दिसावेत. निळसर प्रकाशात लाल तार तपकिरी भासते, आणि विजेच्या कामात असा भास घातक ठरू शकतो. उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षण दर्शविणारी आयपीएक्स ४ ही खूण पावसाच्या सरीस पुरे. दिव्यापुढे बोटे भराभर हलवून पाहावीत; ती तुटक तुटक दिसली तर प्रकाश थरथरता आहे असे समजावे.

या दिव्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तो डोळ्यांच्या अगदी जवळ असल्याने वस्तूंच्या सावल्या वस्तूंमागेच दडतात आणि खाचखळगे सपाट वाटतात. खडबडीत वाटेवर तोच दिवा काढून कमरेच्या उंचीवर हातात धरावा, म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा लगेच ध्यानात येतो. समोरच्याशी बोलताना तो खाली वळवावा. पावसाळ्यात चिलटे तोंडावर येतात, तेव्हा प्रकाश होईल तितका मंद करावा. दिवा महिनोगणती ठेवून द्यावयाचा असेल तर सेल काढून ठेवावा.

उत्पादकांकडून आपण एवढीच अपेक्षा करू की, प्रत्येक टप्प्याचा प्रकाश, त्या टप्प्याचा कालावधी आणि सेलाची खरी धारिता हे तीन आकडे वेष्टनावर छापावेत. जो ते छापीत नाही त्याचा माल घेऊ नये. तूर्त ग्राहकाच्या हाती एक सोपी कसोटी आहे. नवा दिवा घरी आणला की पूर्ण भरलेला सेल घालून तो मधल्या टप्प्यावर लावावा, शेजारी घड्याळ ठेवावे, आणि काम करण्यापुरता प्रकाश किती तास राहिला ते लिहून ठेवावे. त्या तासांपेक्षा अधिक विश्वास वेष्टनावर ठेवू नये.