डॉक्टर कोटणीस यांचे स्मरण कसे करावे?

डिसेंबरची ९ तारीख दर वर्षी येते व गाजावाजा न होता निघून जाते. १९४२ साली याच दिवशी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांनी उत्तर चीनमधील डोंगराळ मुलखात वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी देह ठेवला. शांतारामबापूंनी १९४६ साली काढलेल्या बोलपटामुळे त्यांचे नाव आपल्या लोकांच्या कानांवर आहे. परंतु नाव कानांवर असणे निराळे व त्या नावाचा अर्थ मनात असणे निराळे. तो अर्थ काय, याचा विचार आज आम्ही वाचकांपुढे मांडू इच्छितो.

जपानने १९३७ साली चीनवर स्वारी केली, तेव्हा चिनी सेनापती जू दे यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. राष्ट्रसभेचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषबाबू यांनी देशास आवाहन केले, लोकांनी वर्गणी दिली आणि सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून पाच डॉक्टरांचे पथक निघाले. अटल, चोळकर, मुखर्जी, बसू व कोटणीस हे ते पाच जण होत. कोटणीस मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयातून नुकतेच बाहेर पडलेले. पुढील परीक्षा, पुढील धंदा, पुढील संसार हे सारे त्यांच्यासमोर मांडून ठेवलेले होते. चीनमध्ये असतानाच पितृनिधनाची वार्ता त्यांस कळली. त्या वेळी ते परतते, तर त्यांस कोणी नावे ठेविली असती काय? मुळीच नाही. पथकातील इतर चौघे आपापले काम करून यथाकाल स्वदेशी आले व त्यांच्या लौकिकास तिळमात्र बाध आला नाही. पण कोटणीस राहिले.

राहिले म्हणजे केवळ मुक्कामास राहिले असे नव्हे. ते चिनी भाषा शिकले, आठव्या मार्ग सेनेत दाखल झाले, आणि त्या भाषेतून तेथील तरुणांस शस्त्रक्रिया शिकवू लागले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून हे १९३९ साली शस्त्रक्रिया करताना बोटास झालेल्या जखमेच्या विषबाधेने वारले. त्यांच्या नावे चालणाऱ्या रुग्णालयाचे संचालकपद १९४१ च्या आरंभी कोटणीसांकडे आले. त्याच वर्षी त्यांनी तेथील परिचारिका-शिक्षिका ग्वो चिंगलान यांच्याशी विवाह केला. पुढील वर्षी झालेल्या मुलाचे नाव यिनहुआ ठेविले. त्यातील एक अक्षर हिंदुस्थानाचे, एक चीनचे. मूल काही महिन्यांचे होते तोच अपस्माराच्या झटक्यांनी पित्याचा अंत झाला. त्यांचे हत्यार बंदूक नव्हे, शस्त्रवैद्याची सुरी होती. तथापि ते त्या सैन्यातील शिपाईच होते, आणि परमुलखातील शिपाई म्हणूनच लोकांनी त्यांस मूठमाती दिली.

यावर कोणी म्हणेल, स्वदेशात रोगी का थोडे होते? कोणी असेही म्हणेल की, ज्या देशासाठी ते झिजले त्याच देशाने १९६२ साली आमच्यावर शस्त्र उचलले; शिवाय अखेरच्या वर्षी ते तेथील साम्यवादी पक्षाचे सभासदही झाले होते. हे आक्षेप आम्ही दडवू इच्छीत नाही. परंतु मेजावर आणून ठेविलेला जखमी मनुष्य वीस वर्षांनी त्याचे सरकार काय करील हे सांगू शकत नाही, आणि चांगला डॉक्टर ते विचारीतही नाही. त्यांच्या पक्षाशी ज्याचे पटत नाही, त्यानेही त्यांच्या निष्ठेपुढे मान लववावी, यात कमीपणा कसला? दोन देशांचे पुढारी भेटतात तेव्हा कोटणीसांचे नाव भाषणांतून निघते व भेट संपताच विरते. हे स्मरण नव्हे, शिष्टाचार होय.

खऱ्या स्मरणाची जबाबदारी आमच्या मते आमच्या नाशिक शहरावर विशेष आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून येथे आहे; राज्यातील पुष्कळ नव्या डॉक्टरांच्या पदव्या येथून निघतात. आणि याच जिल्ह्यात सुरगाणा व पेठ हे आदिवासी तालुके आहेत, जेथील पाड्यांवरून रोग्यास झोळीत घालून खाली आणावे लागल्याच्या हकीकती आम्ही वेळोवेळी वाचतो. सरकारी महाविद्यालयात शिकलेल्यांस ग्रामीण सेवेचे बंधपत्र लिहून द्यावे लागते. पण दंड भरून मोकळे होण्याची वाट आजवर पुष्कळांनी धरली, हे सर्वश्रुत आहे. एकाने हजारो कोसांवर, आगीच्या वर्षावात राहणे पसंत केले. त्याच्याच प्रांतातील दुसऱ्यास शंभर मैलांवरचा पाडा नकोसा वाटावा, हे आम्हांस शोभत नाही.

दोष एकट्या तरुणांचा नाही. राहण्यास घर नाही, कपाटात औषध नाही, हाताशी परिचारिका नाही, अशा ठिकाणी मनुष्य पाठवून त्यास त्यागाचे धडे देणे हा सरकारचा ढोंगीपणा होय. बेथ्यूनच्या रुग्णालयातही साधने तुटपुंजीच होती. पण तेथे वरचे व खालचे एकाच कामास जुंपलेले होते. म्हणून आमची सूचना साधी आहे. विद्यापीठाने ९ डिसेंबर हा दिवस पाळावा. त्या दिवशी जे तरुण दुर्गम तालुक्यात आपखुषीने वर्षभर राहण्यास तयार होतील त्यांची नावे जाहीर करावीत. आणि सरकारने त्यांचे घर, औषध व मनुष्यबळ यांची हमी त्याच सभेत द्यावी.

सोलापुरात कोटणीसांच्या राहत्या घराचे स्मारक झाले आहे. ते योग्यच झाले. पण दुसरे स्मारक सुरगाण्याच्या दवाखान्यात रात्री जळणारा दिवा हे असेल. तो ज्या वर्षी लागेल, त्या वर्षी आम्ही कोटणीसांस आपले म्हणण्यास पात्र होऊ.