'लेबर' म्हणजे काम की माणूस?



सातवीच्या वर्गाला 'माय फादर' या विषयावर पाच वाक्यं लिहायला सांगा. आमच्या विठ्ठलवाडी-उल्हासनगर पट्ट्यात एक वाक्य हमखास येतं : 'माय फादर इज अ लेबर.' आपण लाल पेनाने 'लेबरर' करतो आणि पुढची वही उघडतो. मागे एका मुलाने मी जवळ जाताच हे वाक्य हाताने झाकलं. तेव्हापासून मी तिथे पाच मिनिटं थांबते.

इंग्रजीत 'लेबर' म्हणजे श्रम, विशेषतः अंगमेहनत. कष्ट करणं या अर्थी ते क्रियापदही आहे. बाळंतपणाच्या कळा म्हणजेही 'लेबर', म्हणून दवाखान्यात 'लेबर रूम' असते. 'हार्ड लेबर' म्हणजे सक्तमजुरी. सगळ्या कामगारवर्गाला मिळून 'लेबर' म्हणतात. पण एका माणसाला 'अ लेबर' म्हणत नाहीत.

मग मुलं असं का लिहितात? कारण आपण तसं बोलतो. 'दोन लेबर पाठवा.' 'आज लेबर आलं नाही.' नीट ऐका! मजूर 'आला' नाही, पण लेबर 'आलं' नाही. माणसाचं नपुंसकलिंग झालं आणि तो विटा-सिमेंटच्या यादीत जाऊन बसला. परका शब्द मराठीत येऊन अर्थ बदलतो, हे मान्य. पण इथे त्या शब्दातून माणूसच गळाला.

खरं तर हा शब्द मानाचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली काढलेल्या 'इंडिपेंडंट लेबर पार्टी'च्या नावात तो आहे. मराठीत आपण त्याला स्वतंत्र मजूर पक्ष म्हणतो. पुढे 1942 ते 1946 या काळात त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळलं. त्याआधी, 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. हे मुलांना सांगायला किती वेळ लागतो?

म्हणून शिक्षकांनो, नुसतं 'लेबरर' करून सोडू नका. विचारा, 'बाबा नेमकं काय करतात रे?' गवंडीकाम करत असतील तर 'ही इज अ मेसन'. जीन्स शिवत असतील तर 'ही स्टिचेस जीन्स'. आईचं कामही लिहायला लावा. आणि पालकहो, घरी काम निघालं तर 'लेबर आलंय' म्हणू नका. मिस्त्री आलेत, रंगारी आलेत म्हणा. मुलं ऐकत असतात.

नेमका शब्द मिळाला की वहीवरचा हात आपोआप बाजूला होतो.