पेपर हातात पडल्यावर

दहावीच्या पेपरला बसलेल्या मुलाच्या छातीत धडधडतं, तळहात घामेजतात, पोटात गोळा येतो. ही ॲड्रेनलिनची करामत, आणि थोडी असेल तर कामाचीच. अवघड काम शिकताना उत्तेजना बेताची हवी, फार वाढली की शिकणं मंदावतं, हे यर्क्स आणि डॉडसन यांना १९०८ मध्येच उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं.

बेताबाहेरचा ताण आधी कार्यकारी स्मृतीची जागा अडवतो. 'नापास झालो तर?' हाच विचार तिथे ठाण मांडतो आणि काल तोंडपाठ असलेलं प्रमेय आठवेनासं होतं. मुलांच्या भाषेत, 'ब्लँक झालो'. अशा वेळी पेन खाली ठेवावं आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यावा. पाच-सहा श्वासांत धडधड उतरू लागते. मग हमखास येणारा प्रश्न आधी लिहावा. प्रश्नक्रमांक नीट घातला की झालं. राज्य मंडळ २०२३ पासून पेपरच्या शेवटी दहा मिनिटं वाढवून देतं. त्यामुळे सुरुवातीची दोन मिनिटं गेल्याने काही बुडत नाही.

घबराटीचं मूळ बरेचदा अभ्यासाच्या पद्धतीत असतं. गाईड पुन्हा पुन्हा वाचलं की सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं तेवढं येतंच असा समज होतो. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या अभ्यासात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. जुने पेपर घड्याळ लावून सोडवण्याचा फायदा हाच. वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत, आणि या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. आदल्या रात्रीचं जागरण त्यामुळे महागात पडतं.

घरच्यांचा वाटा नाजूक. शाळेच्या गेटवरच प्रश्नपत्रिका हिसकावून 'किती सुटलं?' विचारलं, की पुढच्या पेपरचा वेळ झालेल्या चुका उगाळण्यात जातो. जेवायला काय करू, एवढं विचारलं तरी पुरे. विषय राहिलाच तर पुरवणी परीक्षा असते, एक-दोन विषयांपुरती एटीकेटीची सोयही आहे. हे निकालाच्या दिवशी नव्हे, आधीच सांगून ठेवावं.

झोप उडाली, जेवण तुटलं, रडू थांबेना, तर समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना गाठावं. मरणाची भाषा तोंडी आली तर मुलाला एकटं सोडू नये. १४४१६ ही सरकारची टेलिमानस सेवा चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही आहे.