विळख्याला मिठी म्हणू नका

गेल्या हिवाळ्यात आमच्या पेन्सिल्व्हेनियातल्या घरी बोआचे एक पिल्लू आले. लांबी जेमतेम हातभर, जाडी अंगठ्याएवढी. मुलाचा हट्ट दोन वर्षांचा होता आणि आमच्या सबबी संपल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात त्याला पाहून दोघांनी दोन अभिप्राय दिले. शेजारच्या वृद्ध बाई मुलाच्या मनगटाभोवतीचा विळखा पाहून म्हणाल्या, "कसा बिलगलाय बघा! माया लागली त्याला." पुण्याहून आलेले आमचे काका खोलीच्या उंबऱ्यावरूनच म्हणाले, "जपून राहा रे. सापाची जात आहे, डूख धरेल."

हे दोन अभिप्राय वरवर परस्परविरुद्ध दिसतात. एकात प्रेम आहे, दुसऱ्यात वैर. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, ती एकच चूक आहे. दोन्हींत गृहीत एकच: या प्राण्याच्या आयुष्याच्या केंद्रस्थानी आपण आहोत, आणि तो जे करतो ते आपल्याला उद्देशून करतो. ही समजूत निरुपद्रवी असती, तर तिच्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण तिची किंमत माणसाला द्यावी लागत नाही, पिल्लाला द्यावी लागते. आमच्या घरी ती त्याने दिली.

आधी हा प्राणी कोण ते पाहू. मराठीत आपण त्याला सर्रास 'अजगर' म्हणून मोकळे होतो. ते बरोबर नाही. अजगर अंडी घालतो, आणि त्याची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते. मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत आढळणाऱ्या बोआची मादी थेट पिल्लांनाच जन्म देते, आणि त्यानंतर त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. (आपल्याकडचे मांडूळ हे बोआचे दूरचे आप्त. तेही पिल्लांनाच जन्म देते.) म्हणजे जन्माच्या पहिल्या क्षणापासून हे पिल्लू एकटे असते. पुढे सहा-सात फुटांचा शिकारी होणारा हा जीव आज शिकारी पक्ष्यांचे, लहानमोठ्या सस्तन प्राण्यांचे आणि इतर सापांचे भक्ष्य असतो. लपणे, फूत्कारणे, डसायला झेपावणे, अन्न नाकारणे या ज्यांना आपण त्याच्या 'लहरी' म्हणतो, त्या बहुतेक या एका वस्तुस्थितीतून निघतात. आपण राक्षस घरात आणला असे समजतो, आणि पिल्लाच्या दृष्टीने राक्षस आपण असतो.

आता घडले ते सांगतो. विकणाऱ्याने सांगितले होते, "रोज अर्धा तास हातात घ्या, म्हणजे माणसाळेल." आम्ही घेतले. पाचव्या दिवशी पिल्लाने उंदराचे पिल्लू गिळले, घरात उत्सव झाला, आणि दुसऱ्याच दिवशी मुलाच्या मित्रांसमोर सापाचे प्रदर्शन झाले. तिसऱ्या रात्री त्याने अर्धवट पचलेले भक्ष्य ओकून टाकले. त्याचा वास वर्णन करण्यासारखा नाही. मुलाने वहीत लिहिले, 'रागावला आहे.'

पशुवैद्याने वही पाहिली नाही, तापमान विचारले. सापाला पचनासाठी लागणारी उष्णता शरीरात निर्माण करता येत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. पेटीच्या उबदार टोकाला ३१-३२ अंश सेल्सियस आणि थंड टोकाला २६ अंशांच्या आसपास असे दोन प्रदेश त्याला हवे असतात. पोटात अन्न असले की तो उबेत जाऊन पडतो, काम झाले की दूर सरकतो. आमचा तापमापक काचेवर वरच्या बाजूला चिकटवलेला होता. पिल्लू जिथे पडून राहत होते, तिथे जमिनीलगत कसाबसा २६ अंश भरला. त्यात आम्ही त्याला तासभर उचलून दिवाणखान्यात फिरवले होते. अन्न पचेना, आणि संकट जवळ आले असताना पोटात ओझे ठेवणे परवडेना. त्याने ते टाकले. ओकण्याबरोबर पाचक रस जातात, अन्ननलिका पोळते, आणि हे पुन्हा पुन्हा झाले तर लहान पिल्ले दगावतात. उपाय साधा होता: थर्मोस्टॅट लावा, दोन आठवडे अन्न देऊ नका, मग आधीपेक्षा लहान भक्ष्य द्या, आणि तोवर त्याला हात लावू नका.

या उपायातले शेवटचे कलम पाळणे सर्वांत अवघड गेले, हे कबूल केले पाहिजे. नव्या घरी आलेल्या पिल्लाला किमान आठवडाभर, आणि नीट दोनतीनदा खाईपर्यंत, एकटे सोडावे हा नियम सर्व जाणते पाळणारे सांगतात. तो मोडला जातो तो अज्ञानापेक्षा मायेपोटी. 'एकटे कसे सोडायचे बिचाऱ्याला?' असे आपल्याला वाटते. पण एकटेपण ही त्याची व्यथा नाही. ती आपली आहे.

ते दोन आठवडे आम्ही नुसते पाहत बसलो, आणि पाहता पाहता 'लहरी' एकेक करून विरघळू लागल्या. तो दिवसभर एका अरुंद पेटुकलीत घुसून बसे. आम्ही मोठी, हवेशीर जागा करून दिली होती, तिच्याकडे तो फिरकला नाही. कारण ज्या बिळाच्या भिंती अंगाला सगळीकडून टेकतात, तेच बीळ त्याला सुरक्षित वाटते. वरून येणाऱ्या हाताला तो फूत्कारे, बाजूने येणाऱ्या हाताला क्वचितच. वरून येते ती घार असते. रात्री दिवे मालवले की तो फांदीवर चढे. लहान बोआ बरेचसे झाडावरच वावरतात. हिवाळ्यात घर तापवणारी यंत्रे हवा कोरडी करतात, आणि त्याला साठ टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते. म्हणून तो पाण्याच्या भांड्यात तासन् तास पडून राही. 'खेळतोय' असे आम्ही म्हणत होतो.

मग तो मला चावला. बोटावर रक्ताचे दोन थेंब, एवढेच. पण काकांना फोनवर सांगण्याचा मोह आवरला नाही आणि अपेक्षित उत्तर आले, "सांगितलं नव्हतं? डूख धरला त्यानं." त्या दिवशी त्याचे डोळे दुधाळ निळसर झाले होते. कात टाकण्यापूर्वी जुन्या आणि नव्या त्वचेमध्ये द्रव साठतो. सापाला पापण्या नसतात, डोळ्यांवर पारदर्शक खवला असतो, तोही कातीबरोबरच बदलतो. त्या काही दिवसांत साप जवळजवळ आंधळा असतो. अशा आंधळ्याच्या अंगावरून मी रात्री पाण्याचे भांडे काढायला हात घातला होता. डूख धरायला आधी अपराध कळावा लागतो, मग अपराधी ओळखावा लागतो, आणि मग संधीची वाट पाहावी लागते. हे सगळे माणसाला छान जमते. शब्दही आपणच घडवला, आणि आपले चरित्र सापाच्या नावावर मांडून मोकळे झालो.

प्रेमवाल्यांचे काय? त्यांचा मुख्य पुरावा विळखा. याबाबत आमच्याच राज्यात, कार्लाइल येथील डिकिन्सन कॉलेजात, स्कॉट बोबॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम पाहावे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात मेलेल्या उंदरांच्या शरीरात कृत्रिम हृदय बसवले होते. ते धडधडत राहिले तर बोआ अधिक वेळ आणि अधिक जोराने आवळत, ते थांबले की सैल होत. ज्यांनी जिवंत भक्ष्य कधीच धरले नव्हते, असे बोआसुद्धा. २०१५ साली त्याच गटाने दाखवले की भक्ष्य मरते ते श्वास कोंडल्यामुळे, ही जुनी समजूत चुकीची होती. विळख्यामुळे काही सेकंदांतच रक्ताभिसरण कोलमडते. म्हणजे या प्राण्याला दुसऱ्याच्या हृदयाचे ठोके खरोखर ऐकू येतात, निदान जाणवतात. पण ते कशासाठी? केव्हा सोडावे हे कळण्यासाठी. आणि माझ्या मुलाच्या मनगटाभोवतीचा विळखा ना शिकारीचा, ना मायेचा. मनगट ही उबदार फांदी आहे, आणि फांदीवरून पडायचे नसते.

उलट दिशेची एक दंतकथाही वर्षानुवर्षे फिरते आहे. एका बाईचा पाळलेला अजगर अन्न सोडून तिच्याशेजारी लांबच लांब पसरून झोपू लागतो, आणि वैद्य तिला सांगतो की तो तुमचे माप घेतो आहे. दडून बसून, समोर आलेल्या भक्ष्यावर क्षणार्धात झडप घालणारा प्राणी भक्ष्याचे माप घेत आठवडे काढील, हे सापाच्या कोणत्याही अभ्यासकाला पटणार नाही. तरी ही गोष्ट चालते, कारण तिच्यातही नायक आपणच आहोत. प्रेमपात्र होता आले नाही, तर निदान भक्ष्य तरी!

येथे एक रास्त आक्षेप येईल. सापांना स्वभाव नसतोच का? ते दगड आहेत का? नाहीत. २०२० साली कॅनडातील मॉर्गन स्किनर आणि नोम मिलर यांनी गार्टर जातीच्या सापांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत काही धीट, काही भित्रे निघाले, आणि काही विशिष्ट सोबत्यांजवळ राहणे पसंत करीत. आमचा बोआही शिकतो. पेटीचे झाकण आणि अन्न यांची सांगड त्याने घातली आहे, म्हणून उचलण्यापूर्वी त्याच्या कुशीला कागदाच्या सुरळीने हलकेच स्पर्श करून 'आज जेवण नाही' हे कळवावे लागते. माझा आक्षेप सापाला मन असण्याला नाही. ते मन आपल्या मनाची लहान आवृत्ती असलेच पाहिजे, या हट्टाला आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मग पाळताच कशाला? याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात 'पॉपाय' नावाचा बोआ चाळीस वर्षांहून अधिक जगून १९७७ साली मेला. माझा मुलगा आज चौदा वर्षांचा आहे. हे वचन किती लांबीचे आहे, ते त्याने हिशेब करून पाहावे. कॅरिबियन समुद्रातल्या अरुबा बेटावर १९९९ साली पहिला बोआ दिसला, आणि आता ते तिथल्या पक्ष्यांना व सरड्यांना खाऊन भरभराटले आहेत. माणसाने आणल्याशिवाय ते तिथे पोचले नसते. मायेने आणलेला आणि कंटाळून सोडलेला साप काय करू शकतो, हे अमेरिकेत कोणाला नव्याने सांगायला नको.

आणि ज्यांना हा अमेरिकेतल्या सुखवस्तूंचा छंद वाटतो, त्यांनी आपल्या मांडुळाकडे पाहावे. त्याचे शेपूट बोथट, तोंडासारखे दिसणारे, म्हणून तो 'दुतोंड्या'. दुतोंड्या म्हणून चमत्कारी, आणि चमत्कारी म्हणून गुप्तधन दाखवणारा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणे, विकणे, बाळगणे गुन्हा ठरवले, तरी महाराष्ट्रात त्याची तस्करी पकडल्याच्या बातम्या थांबत नाहीत. मातीत राहून उंदीर खाणारा एक निरुपद्रवी प्राणी केवळ आपण त्याच्यावर लादलेल्या अर्थामुळे पोत्यात भरला जातो. शेजारणीची माया, काकांचा डूख आणि मांत्रिकाचे धन यांच्या परिणामांत फार अंतर आहे, पण मूळ एक आहे.

आमचे पिल्लू आता दर दहा दिवसांनी खाते, पचवते, अखंड कात टाकते. हातात घेतो ते आठवड्यातून एकदोनदा, दहा मिनिटे, पोट रिकामे असताना. मुलाच्या वहीत पहिल्या पानावर 'मूड' नावाचा रकाना होता आणि त्यात 'रागावला', 'रुसला', 'खूश' अशा नोंदी होत्या. तिसऱ्या पानापासून तो रकाना नाही. तिथे वजन, तारीख, उबदार टोक, थंड टोक असे चार रकाने आहेत. मला विचाराल तर त्या घरात सापावर खरे प्रेम सुरू झाले ते तिसऱ्या पानावर. परतफेडीची अपेक्षा असेल, तर कुत्रा पाळावा.