वृद्धांच्या नैराश्यावरील उपचार मध्येच तुटू नयेत यासाठी निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी

विषय : ग्रामीण रुग्णालयातील मानसिक आरोग्य तपासणी व औषधपुरवठा नियमित करणे आणि वृद्धांसाठी गावपातळीवर आधाराची व्यवस्था उभी करणे.

महोदय,

आमच्या तालुका ज्येष्ठ नागरिक संघाच्या वतीने हे निवेदन सादर करीत आहोत. याच विषयावर पूर्वी दिलेल्या निवेदनांच्या पोचपावत्या आमच्या फाइलमध्ये आहेत. ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधितांकडे पाठविण्यात आले आहे’ अशी उत्तरेही आहेत. हे संबंधित कोण, ते आम्हाला आजवर कळलेले नाही. कायदा, शासन निर्णय आणि योजना आपल्याला ठाऊक आहेत, त्यांची उजळणी करून आपला वेळ घेत नाही. प्रत्यक्षात काय घडते आहे तेवढे मांडतो.

तालुका डोंगरी आहे. कमावती पिढी मुंबई-पुण्याला गेली आणि वाड्यावस्त्यांवर बहुतेक घरांत म्हातारी माणसेच उरली. त्यांच्यातले कोणीही ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत नाही. करमत नाही, अन्नावर वासना नाही, पहाटे तीनला डोळा उघडतो तो पुन्हा लागत नाही, छातीत धडधडते, अंगात त्राण नाही, अशा तक्रारी घेऊन माणूस दवाखान्यात जातो. तिथे सलाईन लावले जाते, ताकदीचे इंजेक्शन मिळते. घरचे म्हणतात, वयच झाले आता. २०१७-१८ च्या ‘लासी’ या देशव्यापी सर्वेक्षणात साठीपुढच्या शंभरांपैकी सुमारे आठ जणांत मोठ्या नैराश्याची लक्षणे दिसली. आपल्याला या आजाराचे निदान झाले आहे असे सांगणारे मात्र शंभरांत एकही भरत नव्हते. उरलेल्यांचे काय होते, ते आम्ही रोज आजूबाजूला पाहतो.

आता मुख्य तक्रार.

ग्रामीण रुग्णालयात दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी जिल्ह्याचे मानसोपचार पथक येईल, असा फलक लावलेला आहे. पथक कधी येते, कधी येत नाही. येणार नसेल तर आदल्या दिवशी कोणालाही कळवले जात नाही. सत्तरी ओलांडलेली माणसे पहिल्या एसटीने निघतात, केसपेपर काढतात, बाकावर बसून राहतात आणि दुपारी कोणीतरी येऊन सांगते की आज साहेब मीटिंगला आहेत, पुढच्या महिन्यात या. सोबत आलेल्या सुनेचा किंवा शेजाऱ्याचा रोजगार बुडतो. परतीची गाडी संध्याकाळी असते. तोवर जेवणाची सोय नाही, आणि मधुमेह असलेल्या माणसाला उपाशी बसून चालत नाही.

हा नुसता गैरसोयीचा प्रश्न असता तर आम्ही इतके लिहिले नसते. एखाद्या आजोबांना इथपर्यंत आणण्यासाठी आमचे सदस्य कित्येक दिवस त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलेले असतात. ‘वेड्यांच्या डॉक्टरकडे मी कशाला येऊ?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकून घेऊन, घरच्यांना समजावून, एकदाचा त्यांचा होकार मिळवलेला असतो. असा माणूस एकदा रिकाम्या हाताने परतला की पुन्हा येत नाही. आणि आमच्या शब्दावर तो आलेला असतो, म्हणून नंतर तो आमच्याशीही बोलेनासा होतो.

पथक आले तरी औषधाचा प्रश्न उरतोच. महिन्याची गोळी लिहिलेली असताना पंधरा दिवसांची देतात. ‘साठा संपला, बाहेरून घ्या’ अशी चिठ्ठी हातात पडते. श्रावणबाळ योजनेच्या दरमहा १५०० रुपयांवर जगणाऱ्या विधवेने बाहेरून काय काय घ्यायचे? जिल्हा रुग्णालयात मोफत मिळते, तिकडे जा, असेही सांगतात. एकट्या म्हाताऱ्या माणसाला ते झेपत नाही, हे सांगणाऱ्यालाही दिसत असते.

ही औषधे घेतल्यावर दोन-चार आठवडे तर फरकच जाणवत नाही. बरे वाटू लागल्यावरही ती कित्येक महिने चालू ठेवावी लागतात, आणि थांबवायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू. एकदम तुटली की चक्कर, घाबरेपणा, झोप उडणे सुरू होऊ शकते आणि आजार उलटण्याचा धोका असतो. आमच्या एका वस्तीवरच्या आजी नवरा गेल्यापासून अंथरुणाला खिळल्यासारख्या झाल्या होत्या. बोलणे बंद, केस विंचरणे बंद. औषध सुरू झाल्यावर दुसऱ्या महिन्यात त्या स्वतः चूल पेटवू लागल्या, शेजारच्या मुलांना हाक मारू लागल्या. मग रुग्णालयातला साठा संपला. पुढच्या महिन्यात पथक आले नाही. त्यापुढच्या भेटीला आजी आल्याच नाहीत, कारण तोवर त्या पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. ‘त्या गोळ्यांनी काही होत नाही’ असे आता त्यांचा मुलगा सगळ्यांना सांगतो. गोळ्यांनी फरक पडत होता, साहेब. त्या मिळाल्या नाहीत.

रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या तर हेच रुग्णालय शेजारच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून मागवून घेते. ते आम्ही पाहिले आहे आणि त्याबद्दल कर्मचाऱ्यांचे आभारही मानले आहेत. मनाच्या आजारावरच्या गोळ्यांसाठी तेवढी धावपळ का होत नाही, याचे उत्तर आम्हाला हवे आहे.

आश्वासनांची कमतरता नाही. १ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनी व्यासपीठावरून सांगण्यात आले की औषधांचा तीन महिन्यांचा साठा तालुक्याला ठेवला जाईल. तो ठेवला गेला नाही. लोकशाही दिनात अर्ज दिला तेव्हा ‘पुढील महिन्यापासून पथक नियमित येईल’ असे लेखी मिळाले. पुढील महिना गेला, त्यापुढचेही गेले. १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिनाची फेरी निघाली, शाळेची मुले फलक घेऊन चालली, आमचे सदस्यही चालले. त्याच महिन्यात तपासणीच्या दिवशी खोलीला कुलूप होते.

म्हणून मागणी अशी की पथकाचा दिवस पक्का असावा. डॉक्टर येऊ शकत नसतील तर त्याच दिवशी, त्याच खोलीत, तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी व्हिडिओवरून त्यांचा सल्ला घेऊन औषध चालू ठेवावे. बदल झाला तर आदल्या दिवशी आशाताईंमार्फत निरोप जावा. प्रकृती स्थिर असलेल्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन महिन्यांची औषधे एकदम द्यावीत. साठ्याला जबाबदार कोण, त्यांचे नाव व दूरध्वनी त्याच फलकावर लिहावा. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक आम्ही सदस्यांना दिला आहे आणि काहींना त्याचा आधारही वाटला. पण ज्यांना ऐकू कमी येते किंवा ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांच्या तो कामाचा नाही, आणि गोळी तर फोनवरून हातात येत नाही.

दुसरी मागणी गावातल्या आधाराची. यासाठी नवी पदे भरा असे आम्ही म्हणत नाही. गोव्यात डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी साठीपुढच्या, सौम्य लक्षणे असलेल्या १८१ जणांवर केलेला ‘दिल’ हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी अडचणी सोडवायला, झोप सुधारायला, मधुमेहासारखे आजार सांभाळायला आणि सरकारी योजना मिळवायला मदत केली. वर्षभरात या मदतीच्या गटातील ९१ पैकी ४ जणांना नैराश्याचा पूर्ण आजार झाला, नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात ९० पैकी १३ जणांना. आपल्याच राज्यात, नाशिकच्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ उपक्रमाने गावातल्याच माणसांना हे काम शिकवले. शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत २०१५ पासूनच्या ‘प्रेरणा प्रकल्पा’त आशाताईंनी घरोघरी लक्षणे तपासली. मग आमच्या तालुक्यात अडले कुठे?

आमच्याकडे निवृत्त शिक्षक, परिचारिका, पोस्टमन आहेत. गावाला ते माहीत आहेत आणि त्यांना वेळ आहे. त्यांना प्रशिक्षण देऊ असे आपल्या कार्यालयातील बैठकीत सांगितले होते, नावांची यादीही मागवून घेतली होती. यादी दिली. पुढे काही नाही. हास्यवर्ग, भजन, योगशिबिरे चांगलीच आहेत, आम्ही स्वतः ती चालवतो. पण ज्याला अंथरुणातून उठवत नाही तो हास्यवर्गाला येत नाही. त्याच्याकडे जाणारे, लक्षणे ओळखणारे आणि गरज पडली तर रुग्णालयात नेणारे माणूस लागते. आशाताईंकडून हे काम घ्यायचे असेल तर त्याचा मोबदला वेगळा द्यावा. आधीच्या कामांनी त्या वाकल्या आहेत.

इतर मागण्या थोडक्यात. मुख्यमंत्री वयोश्री योजनेच्या ३००० रुपयांच्या मदतीत मनःस्वास्थ्य केंद्राचा उल्लेख आहे, ते केंद्र तालुक्यात कुठे आहे ते कळवावे. रुग्णालयात थायरॉइड आणि बी-१२ च्या तपासण्या व्हाव्यात. श्रवणचाचणीचे शिबिर घ्यावे. बंद पडलेल्या शाळेची एक खोली विरंगुळा केंद्रासाठी मिळावी.

येत्या दुसऱ्या मंगळवारपूर्वी या निवेदनाचे लेखी उत्तर मिळावे. त्यात काय केले जाईल, कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या अधिकाऱ्यांकडून, हे लिहिलेले असावे. ‘पुढे पाठविले’ असे उत्तर आम्ही स्वीकारणार नाही. त्या मंगळवारी सकाळी आमचे सदस्य रुग्णालयात हजर असतील. पथक आले तर रुग्णांना रांगेत बसवणे, केसपेपर काढणे, पाणी देणे ही कामे आम्ही करू. पथक आले नाही तर आलेल्या सर्व रुग्णांसह तिथेच बसून राहू आणि जबाबदार अधिकारी येऊन औषध देईपर्यंत उठणार नाही.

आपले विश्वासू,
अध्यक्ष, सचिव व सदस्य
तालुका ज्येष्ठ नागरिक संघ

सोबत : पूर्वीची निवेदने, पोचपावत्या व प्रशिक्षणासाठी दिलेल्या नावांच्या यादीची प्रत