एका गोष्टीला एकच नाव ठेवा

मी मुळशीतल्या नेरे गावात राहतो. हिंजवडीचं आयटी पार्क शेजारी, आणि आजूबाजूला भाताची खाचरं. जुलै उजाडला की आमच्याकडे एक शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो : अतिवृष्टी.

आता हा शब्दच बघा. राज्याच्या महसूल खात्याच्या हिशेबात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी. पीकनुकसानीची मदत याच आकड्यावर अडते किंवा सुटते. हवामान विभागाच्या वर्गवारीत मात्र ६४.५ ते ११५.५ हा नुसता 'हेवी', ११५.६ ते २०४.४ 'व्हेरी हेवी' आणि त्याच्या वर 'एक्स्ट्रीमली हेवी'. बातम्यांमध्ये या शेवटच्यालाही बरेचदा अतिवृष्टीच म्हणतात. म्हणजे या एका शब्दात ६६ मिलिमीटरही मावतो आणि २१०सुद्धा. शेजारच्या काकांनी बातमी वाचून काय समजायचं?

पण पत्रकारांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाहीये. आम्ही इंजिनिअर याहून वाईट वागतो आणि वर त्याला डॉक्युमेंटेशन म्हणतो.

मध्यंतरी माझ्याकडे पावसाची आकडेमोड करणारं एक जुनं सॉफ्टवेअर आलं. त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्ये एका पानावर 'डेली रेनफॉल', दुसऱ्यावर '२४ अवर रेनफॉल', तिसऱ्यावर 'डे टोटल'. मी तिन्ही एकच धरले. ते एक नव्हते. एकाचा दिवस सकाळी साडेआठला संपत होता, कारण आपल्याकडे पर्जन्यमापकाची रोजची नोंद तेव्हा घेतात. दुसऱ्याचा ग्रीनिचच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला.

समजा, रात्रभर कोसळून सकाळी आठला थांबलेला पाऊस ९० मिलिमीटर आहे. पहिल्या हिशेबात तो सगळा एका दिवसाचा. दुसऱ्यात त्याचे तुकडे पडतात : पहाटेपर्यंतचे ५० आदल्या दिवशी, उरलेले ४० आज. एकीकडे अतिवृष्टी, दुसरीकडे काहीच नाही. कोड बरोबर होता, टेस्ट पास होत होत्या. घोळ फक्त शब्दांचा होता आणि तो शोधण्यात माझे दोन दिवस गेले.

ही खोड आपल्याला शाळेत लागते. निबंधात तोच शब्द पुन्हा आला की बाई लाल रेघ मारायच्या. पाणी, जल, नीर असं आलटून पालटून लिहिणारा हुशार. निबंधात ते शोभतंही. पण वैज्ञानिक सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनमध्ये शब्द बदलला की वाचणारा गोष्टही बदलली असं समजतो, आणि त्याने तसंच समजायला हवं.

उलटा प्रकारही तितकाच वाईट : नाव एक, अर्थ दोन. १, २, ३ हे आकडे घ्या. नमपायला त्यांचं 'एसटीडी', म्हणजे प्रमाण विचलन, विचारा. उत्तर ०.८१६. पांडाजला विचारा. उत्तर १. एक तीनने भागतं, दुसरं दोनने. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि दोघांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ते स्पष्ट लिहिलेलं आहे म्हणून निदान कळतं तरी. नमपायमध्ये पूर्वी 'रँक' नावाचं फंक्शन होतं. ते अ‍ॅरेला किती अक्ष आहेत ते सांगायचं, पण गणितात मॅट्रिक्सची रँक म्हणजे वेगळंच काही. शेवटी ते फंक्शन काढून टाकलं. म्हणजे नाव चुकलं तर बदलता येतं.

यावर सीनियर लोकांचं ठरलेलं उत्तर : "अरे, संदर्भावरून कळतं." कोणाला? ज्याने लिहिलं त्याला. तो नोकरी सोडून गेला की संदर्भही त्याच्याबरोबर जातो. आणि "एआयला विचार" म्हणणाऱ्यांनो, तो तरी काय वाचणार? तेच गोंधळलेलं पान. फक्त चूक तो जास्त आत्मविश्वासाने सांगेल.

हवामानशास्त्रज्ञांनी हा प्रश्न कधीच हातात घेतला. त्यांच्या 'सीएफ' संकेतांमध्ये प्रत्येक राशीला ठरलेलं नाव, व्याख्या आणि एकक आहे. 'रेनफॉल अमाउंट' वेगळं, 'रेनफॉल रेट' वेगळं. नावं लांबलचक आणि कंटाळवाणी आहेत. असू देत.

आपल्यालाही एवढंच करायचंय. डॉक्युमेंटेशनच्या पहिल्या पानावर शब्दांची यादी, प्रत्येकापुढे एक व्याख्या आणि एकक. यादीबाहेरचा पर्यायी शब्द आला तर रिव्ह्यूमध्ये तो बग म्हणून परत पाठवायचा. लोक तुम्हाला किरकिरे म्हणतील. म्हणू द्या. ५० आणि ४० मध्ये तुटलेला तो पाऊस कोणाच्या तरी खाचरात पडलेला असतो.