पिशवी काढायला डॉक्टर आहे, स्नायू सांभाळायला कोण?

‘अंग बाहेर येतं’ हे आम्ही वस्त्यांमध्ये काम करताना इतक्या जणींकडून ऐकले आहे की मोजदाद नाही. बाई ते पहिल्या भेटीत सांगत नाही. आधी कंबर दुखते म्हणते, मग पांढरे जाते म्हणते. दार लोटून घेतल्यावर शेवटी सांगते, की खोकले तरी लघवी होते आणि मोळी उचलली की खाली काहीतरी सरकते.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भपिशवी, गुदाशय हे सगळे तिच्या आधारावर. बाळंतपणात ती ताणते, कधी फाटते. भरून यायला तिला विश्रांती लागते आणि व्यायाम लागतो. उसाच्या फडात हे दोन्ही कोण देणार? मुकादमाकडून उचल घेतलेली, खाडा पडला की पैसे कापले जातात. ओली बाळंतीण डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढते. या कोयत्यांमध्ये बौद्ध आहेत, मातंग आहेत, बंजारा, वंजारी आहेत. झोळी कोणाची फाटते याचाही जातीशी संबंध आहे, तो नाकारू नका.

आणि उपाय काय मिळतो? पिशवी काढा! बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्यांचा प्रश्न गाजला, २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सगळ्याच शस्त्रक्रिया अंग बाहेर येण्यासाठी नव्हत्या. पांढरे जाणे, पाळीचा त्रास, कॅन्सरची भीती, अशी कारणे होती. पण पिशवी काढून झोळी बळकट होत नाही, हे तिला कोणी सांगितले?

झोळी बळकट करण्याची विद्या जुनी आहे. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्येच हे व्यायाम मांडले. लघवी रोखताना आवळतो ते स्नायू आवळायचे, धरायचे, सोडायचे. दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. ऐकायला सोपे आहे, पण कागद वाचून जमत नाही. अनेक जणी आवळण्याऐवजी खाली जोर देतात. काहींचे स्नायू मुळातच आखडलेले असतात, त्यांना आधी सैल करायला शिकावे लागते. म्हणून शिकलेली फिजिओथेरपिस्ट हवी, जी तपासून सांगेल. अंग फारच बाहेर आले असेल तर नुसता व्यायाम पुरत नाही. पेसरीची रिंग किंवा शस्त्रक्रियाही लागू शकते. फ्रान्समध्ये बाळंतपणानंतरच्या या उपचाराचा खर्च सरकारी विमा उचलतो. आपल्याकडे शहरातील खासगी दवाखान्यात पैसे मोजणारीला तो मिळतो. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपी असलीच तर ती गुडघ्याला आणि लकव्याला.

चळवळीतले काही जण आम्हाला ऐकवतात, ‘अत्याचाराचे प्रश्न पेटलेत आणि तुम्ही हे बायकांचं काय काढलंत?’ त्यांनी बाबासाहेबांचे १९२८ चे मुंबई विधिमंडळातील भाषण वाचावे. प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मांडले, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा बराच भार सरकारने सोसला पाहिजे. बाईच्या श्रमातून फायदा घेणाऱ्या मालकालाही त्यांनी त्यातून मोकळे सोडले नाही. साखर कारखाने आज त्याच जागी आहेत. दुसरे काही जण म्हणतात, मोळीचा भार कमी करा, व्यायामाने काय होणार? भार कमी करण्याची मागणी आमचीही आहेच. पण ती मान्य होईपर्यंत बाईने लघवीला कपडा लावून जगायचे का?

आशाताई बाळ बघायला ४२ दिवसांत निदान सहा वेळा घरी जाते. त्यातल्या एका भेटीत तिने आईलाही विचारावे, खोकताना लघवी होते का, खाली जड वाटते का. ‘हो’ म्हणणारीला पाठवायला ग्रामीण रुग्णालयात प्रशिक्षित महिला फिजिओथेरपिस्ट असावी, आणि पट्टा पडण्याआधी ऊसतोड महिलांची तपासणी कारखान्याच्या खर्चाने व्हावी. या मागण्या घेऊन आम्ही तहसीलवर जाणारच आहोत. तोवर १४ एप्रिलच्या आरोग्य शिबिरात बीपी, शुगर, चष्म्याच्या टेबलांशेजारी पडदा लावलेली एक खोली ठेवा, आणि आत तपासायला बाईच बसवा.